‘बैजू बावरा’ची गाणी रंगमंचावर सादर करताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना तोटा नाही, आणि त्यांत ‘बैजू बावरा’चं एखादं गाणं हमखास असतं. १९५२ च्या या चित्रपटात नौशाद यांनी बहुतेक गाणी थेट रागांवर बांधली. संगीतकाराचं पहिलं फिल्मफेअर पारितोषिक त्यांना याच चित्रपटासाठी मिळालं. ही गाणी आता सर्रास तयार ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, म्हटली जातात आणि तिथंच ती पडतात. आयोजकांनी आणि गायकांनी थोडं लक्ष घातलं, तर त्याच खर्चात ती कितीतरी चांगली होतील.

‘मन तडपत हरि दर्शन को आज’ मालकंस रागात आहे. मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. पण इलेक्ट्रॉनिक तानपुरा आधीच्या गाण्यासाठी पंचमावर लावलेला असतो आणि तो बदलायचं कुणाच्याच ध्यानात राहत नाही. मग गायक कितीही सुरेल असो, वर्ज्य सूर मागून अखंड वाजत राहतो आणि मध्यमावरचा (म) ठेहराव उभाच राहत नाही. गाणं सुरू करण्याआधी पहिली तार मध्यमावर घ्यावी. तबला षड्जात (सा) किंवा मध्यमात मिळवावा. आणि तानपुऱ्याच्या छोट्या स्पीकरपुढे माइक धरू नये, वायर सरळ मिक्सरला जोडावी. माइक धरला की सूर कमी आणि खरखर जास्त येते.

‘ओ दुनिया के रखवाले’ त्याहून अवघड. ते दरबारी रागात आहे. दरबारीचा गंधार (ग) रिषभाच्या आधारानं झुलत येतो आणि नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. कीबोर्डची कळ दाबली की सूर जागीच खिळतो. गायक आंदोलन घेत (सूर झुलवत) असताना कीबोर्डवाला तोच सूर सरळ धरून बसला, तर दोघांपैकी एक बेसूर वाटतो, आणि श्रोते दोष गायकाला देतात. गंधार-धैवतावर (ग आणि ध) कीबोर्डनं हात उचलावा, भरणा व्हायोलिन किंवा सारंगीनं करावा. धैवतही असाच आंदोलित आहे, हे बरेच जण विसरतात.

याच गाण्यात पट्टीचा, म्हणजे गायकानं ‘सा’ कुठे धरायचा याचा, घोळ होतो. मुखडा सोयीचा वाटला की पट्टी ठरते, आणि शेवटी तार (वरच्या) सप्तकात चढताना आवाज फाटतो. पट्टी शेवटच्या ‘रखवाले’वरून ठरवावी. काळी एकवरून अर्ध्या सुरानं खाली पांढरी एकवर यावं लागलं तरी काही बिघडत नाही. मात्र फार खाली नेली तर मंद्रातले (खालच्या सप्तकातले) सूर सभागृहात पोचत नाहीत. तयार ट्रॅक संगणकावर दोन-तीन सुरांनी खाली ओढला की तबला ढबढब वाजू लागतो, म्हणून इथं वादक हवेतच. वर चढताना माइक चार बोटांवरून वीतभर लांब न्यावा. साउंडवाल्यानं हरकतींच्या वेळी एको बंद ठेवावा, नाहीतर आधीचा सूर पुढच्यावर सांडतो.

सगळ्यात जास्त खंत वाटते ती देसी रागातल्या जुगलबंदीची. ‘आज गावत मन मेरो झूमके’ आपल्या कार्यक्रमांत जवळपास ऐकूच येत नाही. त्यात चित्रपटातल्या तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी पं. द. वि. पलुस्कर गायले आहेत. पलुस्करांचे वडील विष्णु दिगंबर आपल्या कुरुंदवाडचे, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि द. वि. यांना पुढे ज्यांच्याकडून तालीम मिळाली त्यांतले नारायणराव व्यास कोल्हापूरचे. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथं देवल क्लबसारखी संगीतसंस्था आहे, तिथं हे गाण्याची तयारी असलेली तरुण मंडळी नक्कीच आहेत. देसीच्या आरोहात गंधार-धैवत वर्ज्य आहेत, ते चुकून लागले तर रागच हरवतो. ‘रे ग सा रे नि सा’ हे वळण आधी गळ्यावर चढवून घ्यावं, ताना त्यानंतर. दोन्ही आवाजांचे माइक सारख्याच पातळीवर हवेत. एकाला मुख्य गायक ठरवून दुसऱ्याला कोरसच्या माइकवर उभं केलं तर सवाल-जवाब उरतच नाही.

त्यासाठी दोन गायक, दोन तानपुरे, तबला आणि सारंगी किंवा हार्मोनियम एवढंच लागतं. मध्यंतरानंतर पहिलं हेच ठेवावं, म्हणजे तानपुरे निवांत लावायला वेळ मिळतो.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर