तुमचा परकर अजून आमच्याकडेच आहे, आशाताई

आशाताई,

रोज दारावरून जाता, मग पत्र कशाला, असं म्हणाल. पण तुम्ही समोर आलात की माझा गळा भरून येतो, बोलता येत नाही.

दोन वर्षं आईच्या अंगावरून पांढरं जात होतं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी न तपासताच गोळ्यांवर गोळ्या दिल्या. शेवटी खुर्चीतूनच म्हणाले, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." खर्चही लगेच सांगितला. तेवढे पैसे नव्हते, म्हणून पिशवी वाचली! घरचे म्हणायचे, बायकांचं हे चालायचंच. त्यात मीही होते.

तुम्ही चार खेपा घातल्यात. तिशीपुढच्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे, चिरफाड नाही, व्हिनेगरसारखं औषध लावतात, डाग असला तर मिनिटभरात पांढरा दिसतो, सगळं समजावलंत. आईचं एकच, ज्वारी काढायची आहे, म्हशीचं कोण बघणार? आम्ही तिला अडाणी ठरवून मोकळे झालो.

तपासणीच्या दिवशी सकाळी तुम्ही भाजीच्या पिशवीतून घडी केलेला परकर काढलात आणि चुलीपाशी ठेवलात. "मला आखूड होतो, तुम्हाला बसतो का बघा." बस, एवढंच. आईचे दोन्ही परकर ठिगळांचे होते. ती घाबरत नव्हती, लाजत होती. मला, पोटच्या पोरीला, ते दिसलं नाही. तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही ते कुणाला कळूही दिलं नाहीत. अर्ध्या तासात आई तुमच्या मागे चालायला लागली.

डाग निघाला. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. वेळेवर जाळून घेतला.

नंतर वाचलं, आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासातून २००९ साली जगाला कळलं, की एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची, तपासणी एकदा जरी झाली, तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. एवढं आपल्या मातीत घडलं आणि आमच्या घराला पत्ता नाही! मोठमोठ्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत हिंडलो, माणुसकी मात्र भाजीच्या पिशवीतून आली.

परकर धुऊन ट्रंकेत ठेवलाय. मी आणून देते म्हटलं, तर आई देत नाही. म्हणते, "वर्षानं परत बोलावलंय ना, तेव्हा तोच घालून जाईन. मग बघू."

तुमची,
खालच्या आळीतली पोर