रिपोर्ट नॉर्मल, तरी धमनीत दाह

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख तेल-तूप आणि कोलेस्टेरॉल यापुढे सरकला नाही, म्हणून हे पत्र.

धमनीच्या अस्तरात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साचते, इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पुढे ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक त्यांना डिवचतात तेव्हा इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप देणारा रेणू सुटतो, त्यामागून इंटरल्युकिन-६, आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे रक्तात मोजता येणारे प्रथिन तयार करते. हा दाह धुमसत राहिला की या साचलेल्या थरावरचे (प्लाक) कवच पातळ होऊन फुटते, तिथे रक्त गोठते आणि झटका येतो. २०१७च्या ‘कॅन्टॉस’ या रुग्णांवरच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने नेमके इंटरल्युकिन-१ बीटा अडवले. १५० मिलिग्रॅमच्या गटात एलडीएल होते तिथेच राहिले, तरी झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र वाढले. औषधाची किंमत तर विचारूच नका.

‘मी बारीक, मला काय होतंय’ म्हणणाऱ्या पुणेकरांसाठी आपल्याच केईएम रुग्णालयाचा दाखला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पोटातली चरबी गप्प बसत नाही, तीही इंटरल्युकिन-६ सोडते.

आता तक्रार. चौकाचौकांत फुल बॉडी चेकअपचे फलक लागलेत आणि पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपी बारकाईने मोजणारी तपासणी, असते. चिकुनगुन्यातून नुकताच उठलेला माणूस ती करतो, आकडा वीसच्या घरात येतो आणि घरभर घबराट. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत उत्तम, तीनच्या वर जोखीम जास्त, हे हिशेब धडधाकट असतानाचे. दहाच्या वर गेला तर आधी संसर्ग शोधावा आणि बरे झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एवढी ओळ पावतीवर छापायला लॅबवाल्यांना अशी किती शाई लागणार आहे?

आणि गाऊटची (युरिक ॲसिडच्या सांधेदुखीची) कॉल्चिसिन ही दाह कमी करणारी गोळी हृदयालाही चालते, असे कळल्यावर ती परस्पर आणून घेणारे आमच्या सोसायटीतच आहेत. अमेरिकेत २०२३ साली हृदयासाठी तिला मान्यता मिळाली, हे खरे. पण किडनी कमजोर असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर तीच गोळी जिवावर बेतते. पुढच्या पुरवणीत हे ठळक अक्षरांत यावे.

– एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, सदाशिव पेठ, पुणे