फॅब्रिस मुआम्बा, तुम्ही बोलत राहिलात म्हणून

फॅब्रिस मुआम्बा यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल पेठांत आणि तालमींत वाढला. गोल क्वचित मारणारा, पण नव्वद मिनिटं दुसऱ्याच्या पायातला बॉल काढून घेत फिरणारा तुमच्यासारखा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, आमच्याकडं सगळ्यांना हवा असतो. फक्त पोस्टरवर त्याचा फोटो बारका येतो. म्हणून तुमच्या खेळाबद्दल आधी लिहितो, कारण 2012 मध्ये मैदानावर तुमचं हृदय बंद पडल्यानंतर त्याबद्दल फारसं कुणी विचारतच नाही. किन्शासात जन्म, अकराव्या वर्षी इंग्रजीचा गंध नसताना लंडन, मग आर्सेनल क्लबची अकादमी, बर्मिंगहॅम क्लब, 2008 मध्ये बोल्टन क्लब आणि इंग्लंडच्या 21 वर्षांखालच्या संघाकडून 33 सामने. निर्वासित घरातल्या पोरानं एवढं करणं हीच एक मोठी गोष्ट होती.

पण आभार दुसऱ्या कारणासाठी मानायचे आहेत.

17 मार्च 2012. टॉटनहॅमच्या मैदानावर एफए कपचा उपांत्यपूर्व सामना, मध्यंतराला थोडाच वेळ उरलेला. तुम्ही सांगता, आधी गरगरलं, टॉटनहॅमचा स्कॉट पार्कर एकाचे दोन दिसायला लागले, तुमच्या संघातला बोयाटा मागं ये म्हणून ओरडत होता, आणि मग काळोख. वय 23. त्याआधी हृदयाच्या तपासण्या झालेल्या, त्यांत काही सापडलं नव्हतं. पुढची 78 मिनिटं तुमचं हृदय आपणहून चाललं नाही. मैदानावर, खेळाडूंच्या बोगद्यात आणि अँब्युलन्समध्ये मिळून हृदय चालू करायला विजेचे 15 शॉक दिले गेले. प्रेक्षकांत डॉ. अँड्र्यू डीनर होते, टॉटनहॅमचे चाहते आणि पेशानं हृदयरोगतज्ज्ञ. मैदानाच्या कडेला राखण करणाऱ्या स्टुअर्डला पटवून ते मैदानात धावले आणि तुम्हाला थेट लंडन चेस्ट हॉस्पिटलला न्यायला लावलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनीच विचारलं होतं, तू म्हणे फार चांगला फुटबॉलर आहेस? तुम्ही म्हणालात, प्रयत्न करतो. हे वाचून आमच्या तालमीतली पोरं हसली, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बेल्जियममधल्या तज्ज्ञाला दाखवून झाल्यावर, तुम्ही खेळ सोडला. 2015 मध्ये पत्रकारितेची पदवी घेतलीत. आणि मंचावर उभं राहून तीच दुपार पुन्हा पुन्हा सांगू लागलात. कंपन्यांत, शाळांत, कार्यक्रमांत. आमच्याकडंही व्याख्यात्यांची कमी नाही. जिद्द, स्वप्नं, अपयशातून यश वगैरे ऐकून आमचे कान किटलेत, आणि टाळ्या संपल्या की खुर्च्या गोळा करताना त्यातलं काही आठवत नाही. तुम्ही देवाचे आभार मानता, पण त्याच दमात सांगता की छाती दाबणारे हात लगेच मिळाले, शॉक देणारं यंत्र जवळ होतं, म्हणून मी इथं उभा आहे. हे ऐकून घरी गेलेल्या माणसाला काहीतरी करता येतं.

आम्ही तुमची भाषणं मोबाइलवर ऐकली. आमच्या संघाच्या पिशवीत तोवर काय असायचं? बर्फ, स्प्रे, क्रेप बँडेज आणि लिंबू. पेठेतल्या एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रबरी पुतळ्यावर सगळ्यांना दाबायला लावलं: छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दोन मिनिटांत आमच्या स्ट्रायकरचा दम निघाला. हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, हेही तेव्हाच कळलं. एकानं 108 लावायचा, एकानं दाबायला बसायचं, एकानं गर्दी हटवायची, हे आता सामन्याआधी ठरवतो. गर्दी हटवणं सगळ्यात अवघड, कोल्हापूर आहे शेवटी.

या गोष्टीनं आम्हाला इतकं हलवण्यामागं आणखी एक नाव आहे. 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळून पडला, तो उठलाच नाही. डेम्पो जिंकला. ज्यांनी तो सामना टीव्हीवर पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते अजून जात नाही.

2021 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलर एरिक्सन असाच सामन्यात कोसळला, तेव्हा सगळ्यांनी परत तुम्हालाच बोलतं केलं. तो छातीत शॉक देणारं छोटं यंत्र बसवून पुन्हा खेळायला उतरला, तुम्हाला मात्र पुन्हा खेळायला मिळालं नाही. मी असतो तर जळफळलो असतो. त्यानंतर प्रीमियर लीगनं छोट्या क्लबांना शॉकची यंत्रं द्यायला निधी उभारला. इंग्लंडच्या सरकारी शाळांत 2020 पासून सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचं तंत्र, शिकवतात. यात तुमच्या बोलण्याचा वाटा किती हे कोण मोजणार, पण तुम्ही गप्प बसला असता तर आमच्यापर्यंत यातलं काहीच आलं नसतं.

आता आम्हालाही शॉकचं यंत्र घ्यायचंय, पण ते स्वस्त नाही. मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, त्यापेक्षा नवी जर्सी घेऊ. त्याला तुमचा व्हिडिओ पुन्हा दाखवला. आता वर्गणीची वही त्याच्याकडंच आहे, आणि पहिली पावती त्यानं स्वतःच्या नावावर फाडली.

मनापासून आभार.

आपला,
कोल्हापुरातल्या एका संघाची पाण्याची बाटली सांभाळणारा