एकाच दिंडीत, दोन टोकांना

बेळगाव,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

फोनवर तू म्हणालास, "या वयात नवरा-बायको जोडीनं चालत पंढरपूरला गेलात, भाग्यवान आहात लेको." भाग्याबद्दल वाद नाही. पण जोडीनं चाललो म्हणशील तर ते खोटं. दिंडीची रांग तू बघितलेली आहेस. पुढं झेंडेकरी, मग टाळकरी, मधे वीणा आणि मृदंग, आणि त्यांच्या मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. मी टाळकऱ्यांत, ही तुळशीच्या रांगेत. बेळगाव ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, त्यातलं कोसभर तरी आम्ही शेजारी चाललो असू की नाही, शंका आहे. मी आपला घरून निघताना मनात म्हणत होतो, रिटायर झाल्यापासून घरात एकमेकांची तोंडं बघतोय, आता तीच रस्त्यानं बघू. कसलं काय! पहिल्याच दिवशी काकतीच्या पुढं मागं वळून बघितलं तर चोपदार म्हणाला, "माउली, नजर पुढं."

कार्तिकीची मोठी अडचण दिवाळीची. पाडव्यापासून अकरावी तिथी म्हणजे एकादशी. रोज पंचवीस किलोमीटर धरले तरी पाडव्यालाच पाय रस्त्यावर हवेत. सूनबाईचं तोंड फुगलं, नातवंडांनी फटाके कोण आणणार म्हणून गोंधळ घातला. हिनं पहाटे चारला मला ओवाळलं, तोवर दारात सामानाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न. मी तबकात पाचशेची नोट टाकली. ती हिनं उचलून तशीच दिंडीच्या भिशीत भरली, तीही माझ्या नावानं! पावती माझ्याकडं आहे.

वंटमुरीचा घाट उतरून दुसऱ्या मुक्कामाला संकेश्वर. त्या दिवशी भाऊबीज. बायांचे भाऊ खानापूरला, चंदगडला, कुठं कुठं. मग सगळ्यांनी मिळून मृदंग वाजवणाऱ्या पोराला पाटावर बसवला. विशीतलं पोरगं, डिप्लोमा झालेलं, लाजून लाल. एकेक जण ओवाळायची आणि हा बिचारा खिसे चाचपायचा. शेवटी हिला म्हणाला, "आक्का, रोख न्हाई, फोनपे करू?" दिवसभराचा शीण त्या हसण्यातच गेला. मला हे सगळं लांबूनच दिसलं, कारण मी भांडी घासायच्या पाळीला होतो. दिंडीत साहेबगिरी चालत नाही.

चिक्कोडीकडं वळल्यावर खरी कसोटी. गळीत हंगाम सुरू झालेला, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मोठ्यानं लावलेली गाणी, आणि मागची ट्रॉली अशी हेलकावे खात येते की आपण नाल्यात उतरलेलं बरं. पण तिथंच माणसंही भेटतात. एका मळ्यात कानडी घरानं सगळ्या दिंडीला जेवायला घातलं. जोंधळ्याच्या कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, वर दह्याचं गाडगं. घरची म्हातारी रांगेतून फिरत एकेकाला "ऊट माड्री, अज्जा", म्हणजे जेवा आजोबा, म्हणत होती. मला अज्जा म्हटलेलं जरा लागलं, ते जाऊ दे. जेवण झाल्यावर बघतो तर ही आणि ती म्हातारी चुलीपाशी बसून गुडघ्यावरच्या औषधांचं बोलत होत्या, कानडीतून, हातवारे करकरून. हिला कानडी येतं हे मला माहीत होतं. पण इतकी वर्षं माझ्यासमोर ती फक्त भाजीवाल्याशी बोलायची.

तुला अंकली आठवते ना? आळंदीच्या माउलींच्या पालखीपुढचे अश्व इथल्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबांनी पालखीला आजचं रूप दिलं तेव्हापासूनची ही सेवा. दर आषाढीला घोडे अंकलीहून आळंदीला पायी जातात आणि तिथून पुढं पंढरपूरला. आपण शाळेत असताना या गावाला नुसतं बस थांबते ते गाव म्हणायचो. तिथं विणेकरीबुवांनी थांबून एक अभंग घेतला, मग कृष्णेचा पूल आणि मांजरी.

कागवाड सोडलं की म्हैसाळ, म्हणजे महाराष्ट्र. तुला हसू येईल. १ नोव्हेंबरला काळ्या कपड्यात सायकल फेरीत आपण दोघं घसा बसेपर्यंत ओरडायचो. बेळगावला मराठी मुलखापासून तोडणारी १९५६ ची ती रेषा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा, कधी भडका उडाला की दोन्हीकडच्या बंद पडणाऱ्या एस्ट्या. ती रेषा मी ओलांडली तेव्हा माझं लक्ष पुढच्या माणसाच्या टाचेकडं होतं. पाट्या मराठी दिसायला लागल्यावर कळलं. माझं मत बदललंय असं समजू नको, पुढच्या १ नोव्हेंबरला घरी असलो तर फेरीत असेन. पण त्या दिवशी हरिपाठात पावली चुकू नये एवढीच चिंता होती, आणि ती चुकलीच.

आता पायांचं. मला साखर आहे हे तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी जायला नाही म्हटलं नाही, पण बजावलं, मधुमेह्याला तळव्याची फोड दुखत नाही, म्हणून रोज रात्री बघायचीच. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, निदान माझ्या पोटाच्या घेरामुळं तरी नाही. म्हणून रोज कीर्तन आटोपलं की ही बायकांच्या राहुटीतून बॅटरी घेऊन यायची, माझा पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायची, खोबरेल लावायची. एकदा टाचेला फोड आढळली. ती फोडायला निघालेल्या एका जाणत्या माउलीला हिनं जे झापलं! साखरेच्या माणसाची फोड फोडायची नसते, स्वच्छ फडकं गुंडाळायचं, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसायचं. मला बसवलंच. दिवसाकाठी आमची भेट ती एवढीच. त्यातही बोलणं गोळी घेतली का, मोजे वाळले का. आणि खरं सांगू, सकाळी निघताना मी रात्रीच्या त्या बॅटरीची वाट बघायला लागायचो.

मिरजेच्या पुढं मुलूख बदलतो. कवठेमहांकाळ, नागज. एकेकाळी टँकरचा हा टापू, आता म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून वर आणलंय, रस्त्याकडेनं द्राक्षांचे मांडव. गावोगाव चहा, केळी. तिकडचं सांगायला बसलो तर कागद पुरणार नाही.

पण जुनोनीचं सांगतो. २०२२ च्या कार्तिकीला तिथं संध्याकाळी कोल्हापूरकडच्या दिंडीत मागून गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. मागून, लक्षात घे. आमच्या दिंडीत मागं कोण? त्या दिवशी ऊन उतरायला लागलं तशी टाळावरची माझी बोटं जागेवर राहीनात. चोपदाराला न विचारता मी रांगेतून बाहेर पडलो आणि लाल बॅटरी घेऊन बायांच्या मागं चालायला लागलो. हिनं ओळखलं. तुळस डोक्यावर तशीच सांभाळत मान न वळवता म्हणाली, "पुढं जावा की, टाळ कमी पडलेत." मी म्हटलं, "पडू देत." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "हे लग्नात सुदिक मागंच राहिले होते, मांडवात यायला तासभर उशीर." मुक्कामाला पोचेपर्यंत मी मागंच होतो. चोपदारानं रात्री दोन शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. पुढच्या सालापासून मागं लाल दिवेवाले दोन बाप्ये ठेवायचे असं मात्र ठरलं.

दशमीला पंढरपुरात शिरलो. वाखरीला खिलारांचा बाजार भरलेला, तिथं आमचे निम्मे शेतकरी गळाले, बैलांचे दात बघत बसले. चंद्रभागेत बुडी मारली आणि पदस्पर्शाच्या बारीला लागलो. रात्रभर उभं. तिथं मात्र आम्ही शेजारी होतो, पहिल्यांदाच. इतक्या दिवसांचं साठलेलं काय काय बोलू असं वाटलं होतं. बोललो काय? गॅसचा कॉक कोणी बंद केला, गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल का, आणि सुनेला संकेश्वरी मिरची घ्यायची राहिली. मग हिला माझ्या खांद्यावर उभ्याउभ्या झोप लागली. पुढं सरकायची वेळ आली की मी तिला हळूच ढकलायचो. विठोबापाशी पोचलो तेव्हा डोकं टेकवतो न टेकवतो तोच सेवेकऱ्यानं खांद्याला धरून बाजूला केलं. मला काळ्या दगडाचा गारवा कपाळाला लागला एवढंच आठवतं. हिला विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "मागायला वेळ कुठं दिला त्यांनी?"

आता तुझ्या प्रश्नाचं. तुम्हा दोघांना झेपेल का? वहिनींना झेपेल. तुझं मला सांगता येत नाही, तू गल्लीच्या टोकापर्यंत रिक्षानं जातोस. माघीला खानापूर भागातून दिंड्या निघतात, तेव्हा थंडी असते, ऊन सोसतं. आधी महिनाभर रोज सकाळी चालून बघ आणि नवे बूट घालून मुळीच निघू नकोस. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेव, अर्ध्या तुझ्या पिशवीत, अर्ध्या वहिनींच्या. ही पुढच्या कार्तिकीचं नाव आत्ताच देऊन आलीय, दोघांचं. मला विचारलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. प्रसादाचे चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का भाच्याबरोबर पाठवतोय, डबा परत कर, तो हिचा आहे.

तुझाच,
बेळगावचा अज्जा