जन्माआधीच कृषिमंत्री?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्याकडेच्या इतिहास-फलकांची कालची बातमी वाचली. फोटोत फीत कापणारे सात-आठ जण हसतमुख आहेत, फलक त्यांच्या पाठीमागे झाकला गेलाय. झाकला गेला तेच बरं. उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधीपासून तो आमच्या फाट्यावर उभा आहे. त्यावर डॉ. पंजाबराव देशमुखांचा जन्म 27 डिसेंबर 1989 असा रंगवलाय आणि दोनच ओळी खाली 1952 ते 1962 केंद्रीय कृषिमंत्री! म्हणजे भाऊसाहेब जन्माच्या 37 वर्षे आधीच दिल्लीत खुर्चीवर. 1898 चे आकडे उलटले, होतं कधीकधी. पण ज्यांनी 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून वऱ्हाडातल्या कास्तकारांच्या पोरांना शाळेत बसवलं, त्यांच्याच फलकावर? तुम्हीही मागे नाही. बातमीत त्यांच्या जन्मगावाचं, पापळचं, 'पापड' झालंय.

तरी हा फलक निदान उभा तरी आहे. आमच्या शाळेसमोर काळा दगड होता. त्यावर शाळा सुरू झाल्याचं साल आणि पहिल्या हेडमास्तरांचं नाव कोरलेलं होतं. मी पहिलीत जायच्या आधी वडिलांनी माझं बोट धरून त्यातला 'श' गिरवून घेतला होता, पाटी नंतर मिळाली. सिमेंट रोडच्या वेळी जेसीबीने तो उपटला. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "काका, दगडच आहे ना?" आता तो चहाच्या टपरीमागे नालीवर पालथा टाकलाय, त्यावर पाय देऊन गिऱ्हाईक पलीकडे जातं. मी संबंधित खात्याकडे तीनदा अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला साहेबांनी विचारलं, दगडाची नोंद कोणत्या रजिस्टरला आहे?

शाळेत पाच वर्ग आणि गुरुजी एकच, तेही महिन्यातले निम्मे दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात. त्याची बातमी मात्र तुमच्याकडे कधी दिसली नाही.

फलकावरचा 1989 रंगाच्या एका डबीत दुरुस्त होईल. दगड उलटायला चार माणसं आणि एक पहार पुरे. माणसं मी आणतो, खात्याने फक्त तो परत कुठं रोवायचा ती जागा दाखवावी. फोटोग्राफर पाठवायचा असेल तर सकाळी पाठवा, दुपारी टपरीवर गर्दी असते.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. अमरावती