सॅलमँडर आणि दोन संदेश

भुसावळ

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझी उमेदीची वर्षं आपल्या नौदलाच्या माइनस्वीपरवर, समुद्रातले सुरुंग झाडणाऱ्या जहाजावर गेली, माझी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात हेडफोन लावून. गेले काही महिने मी एका ब्रिटिश माइनस्वीपरविषयी वाचतोय. त्यात तुझंही काम आहे आणि माझंही, म्हणून हे तुलाच लिहितोय. घरात कुणाला सांगायला गेलो तर सुरुंग आणि जहाज यापलीकडे ऐकायला कुणी थांबत नाही. तू थांबशील.

जहाजाचं नाव ‘सॅलमँडर’. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या काउझच्या गोदीत 1936 साली ते पाण्यात उतरलं. हॅल्सिअन वर्गातलं, लांबी जेमतेम 245 फूट, चार इंची दोन तोफा, वेग फार तर सतरा नॉट. या वर्गाची एकूण 21 जहाजं बांधली गेली. त्यांतली नऊ दुसऱ्या महायुद्धात बुडाली, आणि दहावं सॅलमँडर, जे बुडालं नाही पण पुन्हा कधी कामावरही आलं नाही. तोफा मिरवणाऱ्या मोठ्या युद्धनौकांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यांच्यापुढे रस्ता झाडत जाणाऱ्या या जहाजांची नावं विचारून बघ कुणाला.

तारेच्या स्वीपचं काम तुला मी काय सांगणार! जहाजामागे लांब पोलादी तार, तिला बाजूला ओढून धरणारी ऑटर पाटी, ठरावीक खोलीवर ठेवणारा काइट, वर तरंगणारा फ्लोट, आणि तारेवर सुरुंगाचा दोर कापणारे कटर. दोर तुटला की सुरुंग वर येतो आणि डेकवरून रायफलीने त्याला निकामी करायचं. पण 1939 च्या हिवाळ्यात जर्मनांनी चुंबकीय सुरुंग टाकायला सुरुवात केली आणि ही सगळी विद्या अपुरी पडली. तळाशी पडून राहणाऱ्या सुरुंगाला दोरच नाही, तर कापणार काय? त्या 23 नोव्हेंबरला इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसच्या चिखलात, ओहोटीच्या वेळी, जॉन ऊव्हरी नावाच्या अधिकाऱ्याने असा एक सुरुंग हातांनी उघडला. त्याच्या पोटात काय आहे ते तेव्हा कळलं, आणि मग दोन जहाजांनी जोडीने लांब तरंगत्या केबल ओढायच्या, त्यांतून विजेचे झटके सोडायचे आणि सुरुंग दूरवरच उडवायचा, ही पद्धत आली. पुढे आवाजावर फुटणारे आले. 1944 त फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याला जहाजाखालच्या पाण्याच्या दाबावर फुटणारे आले, त्यांच्यावर तर धड उपायच नव्हता, जहाजांनी हळू जायचं एवढंच.

पण मला जे जाणवलं ते वेगळंच. सुरुंग काढणं हे या कामाचं अर्धंच अंग. उरलेलं अर्धं म्हणजे सांगणं. कुठून कुठपर्यंत झाडलं, कुठे राहिलं, उद्या आपण नेमके कुठे असू. म्हणून तर मागून ट्रॉलर, म्हणजे मासेमारीच्या धाटणीच्या बोटी, झेंड्यांचे बोये टाकत यायच्या. साफ केलेली वाट मागच्याला माहीतच नसेल तर ती साफ करून उपयोग काय? आमच्या कंट्रोलमध्ये निरोप दिला की समोरच्याकडून तो परत वाचून घ्यायचा, प्रायव्हेट नंबर (निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेला आकडा) घ्यायचा, रजिस्टरात वेळ टाकायची, आणि मगच गाडी हलायची. निरोप समोरच्याच्या रजिस्टरात उतरला नाही तर तो दिलाच नाही, असं आम्ही नव्या पोरांना शिकवायचो.

सॅलमँडर फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला होतं. तिथे अडकलेले सैनिक भरभरून आणले. त्याचंच भावंड ‘स्किपजॅक’ 1 जून 1940 ला तिथेच विमानांच्या बॉम्बखाली बुडालं, पोटात नुकतेच चढवलेले सैनिक होते. ऑगस्ट 1941 मध्ये रशियाला मदत घेऊन पहिला काफिला निघाला, ‘डर्विश’, त्याच्या राखणीलाही सॅलमँडर होतं. 31 ऑगस्टला सगळी जहाजं सुखरूप अर्खांगेल्स्कला पोचली. पेट्यांमध्ये सुटे भाग करून भरलेली हॉकर कंपनीची हरिकेन विमानं त्यांत होती. हॉकरचं नाव लक्षात ठेव, पुढे पुन्हा येईल.

आता पहिला संदेश.

जून 1942 च्या अखेरीस आइसलँडहून पीक्यू 17 काफिला निघाला. 35 व्यापारी जहाजं, रणगाडे, विमानं, दारूगोळा. सोबत ‘हॅल्सिअन’, ‘ब्रिटोमार्ट’ आणि ‘सॅलमँडर’ हे तीन माइनस्वीपर. 4 जुलैच्या रात्री (तिथे त्या दिवसांत रात्र म्हणजे नुसता आकड्यांचा हिशेब, सूर्य मावळतच नाही) लंडनच्या ॲडमिरल्टीतून, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयातून, पंचवीस मिनिटांत तीन संदेश आले. 9 वाजून 11 मिनिटांनी: क्रूझर नौकांनी भरवेगाने पश्चिमेला निघून जावं. 9.23 ला: काफिल्याने पांगून रशियन बंदरांकडे निघावं. 9.36 ला: काफिल्याने चहूकडे विखरावं.

ही वेळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू डेकवर उभा आहेस आणि तुझ्या हातात एकामागून एक असे तीन कागद येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. तुला काय वाटेल? शत्रू आत्ता क्षितिजावर दिसणार, हेच. तिथल्या प्रत्येकाला तेच वाटलं. क्रूझरांबरोबर विनाशिकाही लढाईला म्हणून निघून गेल्या. पण जिची धास्ती होती ती जर्मनांची मोठी युद्धनौका ‘टिरपिट्झ’ त्या घडीला काफिल्याच्या जवळपासही नव्हती. नौदलप्रमुख सर डडली पाउंड यांनी लंडनमध्ये बसून अंदाज बांधला होता. त्या अंदाजाला कारणं होती, हे मी मान्य करतो. पण संदेशातून कारण गेलं नाही, फक्त घाई गेली. एकटी पडलेली व्यापारी जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी वेचून मारली. 35 पैकी 24 गेली.

सॅलमँडर आणि बाकी दोघे रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेम्ल्या बेटांमधल्या मातोच्किन सामुद्रधुनीत जाऊन थांबले. तिथे उरलीसुरली जहाजं जमली, आणि बर्फाच्या कडेकडेने, वरून बॉम्बचा मारा खात, 11 जुलैला अर्खांगेल्स्कला लागली. वाटेत आणखी जहाजं गेली. ज्यांच्या राखणीला निघालो ती समोर बुडताना बघायची आणि आपल्या अंगात सतरा नॉटचा वेग आणि दोन तोफा. या खलाशांनी पुढची दोन वर्षं तरीही त्याच शांतपणे काम केलं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

त्याच आठवड्यात, 5 जुलैला, याच वर्गातला ‘नायजर’ रशियाहून परतणाऱ्या काफिल्याच्या पुढे होता. आइसलँडजवळ दाट धुकं. समोर हिमनग दिसला तो किनारा समजला गेला, वळण चुकलं आणि नायजर स्वतः ब्रिटिशांनीच टाकलेल्या सुरुंगांत शिरला. मागून येणारी पाच व्यापारी जहाजंही त्याच्याबरोबर गेली.

दुसऱ्या संदेशाकडे येतो. हे लिहायला मला बरेच दिवस लागले.

नॉर्मंडीवर फौजा उतरल्या तेव्हा सर्वांत पुढे माइनस्वीपर होते. प्रत्येक किनाऱ्याकडे दोन, अशा दहा वाटा त्यांनी इंग्लिश खाडीतून साफ केल्या. पुढे ऑगस्टमध्ये पहिल्या माइनस्वीपिंग फ्लोटिलाकडे (तुकडीकडे) ल हाव्र या फ्रेंच बंदराच्या उत्तरेला, काप द’आन्तिफेरच्या समोरचं पाणी झाडण्याचं काम आलं. ‘वॉरस्पाइट’सारख्या मोठ्या तोफांच्या नौकांना ल हाव्रमधल्या जर्मनांवर मारा करायला जवळ यायचं होतं. वाट करून द्यायची होती ‘जेसन’, ‘ब्रिटोमार्ट’, ‘हसार’ आणि ‘सॅलमँडर’ यांनी, सोबत खुणा टाकणारे दोन ट्रॉलर.

मधेच या तुकडीला दुसऱ्या जागी जायचा हुकूम झाला. मग तो बदलला आणि पहिलंच काम चालू ठेवा असं ठरलं. बदललेल्या हुकुमाची प्रत मात्र त्या किनाऱ्याच्या नौदल कार्यालयाला, म्हणजे रिअर ॲडमिरल रिव्हेट-कार्नाक यांच्या टेबलाला, गेलीच नाही. एका संदेशाच्या माथ्यावरच्या यादीत एक पत्ता कमी. बस्स, एवढंच!

27 ऑगस्टला दुपारी स्वच्छ ऊन होतं. रडारवर ल हाव्रजवळ जहाजं दिसली. कार्यालयाच्या लेखी तिथे आपलं कुणीच नव्हतं, म्हणजे ती जर्मन. माइनस्वीपिंगच्या माणसाला फोन करून विचारायचा प्रयत्न झाला, तर लाइन बंद. हवाई दलाला निरोप गेला. 263 आणि 266 स्क्वाड्रनची रॉकेट लावलेली टायफून विमानं उडाली. हीही हॉकरचीच.

नेतृत्व विंग कमांडर जॉनी बाल्डविनकडे होतं. वरून जहाजं बघून त्याला शंका आली. ही आपली दिसतात, असं त्याने रेडिओवर सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच: त्या भागात आपलं एकही जहाज नाही, हल्ला करा. सदा, या माणसाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. कंट्रोलला खालून कुणी गार्ड, कुणी केबिनमन दोनदा विचारतो ना, ‘साहेब, नक्की?’, तेव्हा त्याला समोर काहीतरी दिसत असतं जे आपल्या तक्त्यावर नसतं. माझ्या गुरूंनी मला सांगितलं होतं की दुसऱ्यांदा विचारणाऱ्यावर चिडायचं नाही, उठून चौकशी करायची. तिथे तक्त्यावर जास्त विश्वास ठेवला गेला. बाल्डविनने हुकूम पाळला.

दीड वाजता सूर्याच्या बाजूने विमानं आली. डेकवरच्यांना आधी वाटलं आपलीच आहेत, आणि होतीच. जेसनने ओळखीचे बाण आकाशात सोडले, आपल्याच विमानांनी हल्ला केल्याचा संदेश दिला. विमानं वळून पुन्हा आली, पुन्हा रॉकेटं, पुन्हा तोफगोळे. ब्रिटोमार्ट बुडालं. हसार बुडालं. सॅलमँडरचा मागचा भाग उद्ध्वस्त झाला आणि ते शत्रूच्या किनाऱ्याकडे वाहत चाललं. स्वतःवर मार खाल्लेल्या जेसनने त्याला दोर लावून ओढून बाहेर काढलं. विमानं गेल्यावर किनाऱ्यावरच्या जर्मन तोफांनी पाण्यातल्या माणसांच्या आसपास मारा सुरू केला. 117 जण मेले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. त्यांतले किती तरी आर्क्टिकमधून जिवंत परतलेले असतील.

वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायला सांगण्यात आलं. तीन नौदल अधिकाऱ्यांवर कोर्ट मार्शल झालं, दोघे निर्दोष सुटले, एकाला कडक समज दिली गेली. कागद कित्येक दशकं बंद राहिले. विधवांना, आईबापांना खरं काय ते कळलंच नाही, किंवा कळलं तेव्हा ऐकायला ते राहिले नव्हते. प्रत पाठवायला विसरणाऱ्या माणसाला मी समजू शकतो. थकवा असतो, रात्रपाळी असते, त्या दिवसांत तर रोज शेकडो संदेश. पण त्यानंतरचं हे गप्प बसवणं मला क्षम्य वाटत नाही. आमच्या रेल्वेत अपघात झाला की चौकशीचा अहवाल निघतो, तो लाइनवरच्या प्रत्येकाला वाचायला मिळतो, त्यातूनच नियम बनतात. इथे माणसं गेली आणि त्यांच्या जाण्यातून शिकायचा हक्कही मागच्यांकडून काढून घेतला.

बाल्डविन पुढे कोरियात लढायला गेला आणि 1952 मध्ये विमानासकट बेपत्ता झाला. सॅलमँडरची दुरुस्ती कधी झालीच नाही. युद्ध संपल्यावर ते भंगारात गेलं.

आता तुला विचारायचं ते असं. तुमच्या वेळी स्वीपचा भाग बदलला तर तो निरोप कुणाकुणाला जायचा? हवाई पथकाला तुम्ही थेट कळवायचात की किनाऱ्यावरच्या कार्यालयामार्फत? आणि ‘पोचलं’ असं उत्तर येईपर्यंत काम सुरू करायचं नाही, असा काही दंडक होता का? सांगता येण्यासारखं असेल तेवढं सविस्तर लिही, फोनवर नको. फोनवर तू दोन वाक्यांत उरकतोस.

वहिनींना नमस्कार. रत्नागिरीला यायचं दिवाळीनंतर बघतो, गुडघ्याने परवानगी दिली तर.

तुझाच,
मधू