अंकाच्या तळाची ओळ : एका निवृत्त कंपोझिटरकाकांना जाहीर आभारपत्र

पुणे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमधून निघालेल्या लहानमोठ्या वर्तमानपत्रांची, त्यांच्या छापखान्यांची आणि पत्त्यांची जी यादी मी आपल्या मदतीने करीत होते, ती आता छापण्याजोगी झाली आहे. ती वाचकांच्या हाती जाण्यापूर्वी आपले ऋण जाहीरपणे नोंदवावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कोठेही छापायचे नाही, अशी अट आपण घातली आहे. चार दशके इतरांची नावे खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, जुळवणाऱ्या माणसाने स्वतःचे नाव मात्र वगळायला सांगावे, याचे मला थोडे वाईट वाटले. परंतु अट मोडण्याचे धाडस माझ्यात नाही, म्हणून हे पत्र नुसते ‘काका’ एवढ्याच संबोधनावर भागवते.

मी आपल्याकडे आले, तेव्हा पुण्याच्या वृत्तपत्रांचा इतिहास मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. १८४४ चे ‘मित्रोदय’, १२ फेब्रुवारी १८४९ रोजी सुरू झालेले ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने निघालेली ‘मराठा’ आणि ‘केसरी’, १८८८ चा आगरकरांचा ‘सुधारक’, १८९८ चा शि. म. परांजप्यांचा ‘काळ’, आणि १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकरांनी काढलेला ‘सकाळ’, ही परंपरा शाळेपासून आपण सारेच ऐकत आलो आहोत. ती खरीही आहे. मात्र ती संपादकांची परंपरा आहे. आपण माझ्या हातातला अंक घेतला, अग्रलेखाकडे न पाहता शेवटचे पान उलटले आणि अगदी तळाच्या बारीक टायपातल्या ओळीवर बोट ठेवले. “ताई, आधी तळ वाचा, मथळा कुठे पळून जात नाही,” हे आपले वाक्य माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे.

ती ओळ सर्वांच्या नजरेखालून गेलेली असते : हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पेठेत, अमुक घरी प्रसिद्ध केले. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण प्रत्येक अंकावर देणे बंधनकारक केले. गंमत अशी की, संपादकाचे नाव छापण्याची सक्ती त्यानंतर तब्बल अर्धशतकाने, १९२२ मध्ये आली. म्हणजे ज्याच्या लेखणीचे पोवाडे आपण गातो, तो कायद्याच्या लेखी बराच काळ अदृश्य होता, आणि ज्याच्या घरात यंत्र होते तो मात्र पहिल्या दिवसापासून सरकारच्या दप्तरात नोंदलेला होता. सरकारला पत्ता हवा होता, कारण जप्ती आणायची तर ती यंत्रावर आणता येते. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला, पण १९१० च्या कायद्याने पुन्हा जामीनकीचा, म्हणजे सरकारकडे ठेवायच्या अनामत रकमेचा, फास आवळला आणि ‘काळ’ बंद पडला. हे सगळे मी पुस्तकांत वाचले होते. अशा वेळी पेठेतल्या साध्या, जॉब-वर्क करणाऱ्या छापखान्याचा मालक कोणते काम घेई आणि कोणते हात जोडून परत पाठवी, हे मात्र आपल्या वडिलधाऱ्या मुद्रकांकडून आपण ऐकलेल्या गोष्टींमुळेच मला कळले.

तळाच्या ओळी सलग वाचू लागल्यावर एक वेगळेच पुणे दिसू लागले. ‘केसरी’चा आरंभ म्हटला की आपल्याला नारायण पेठेतला गायकवाड वाडा आठवतो; प्रत्यक्षात त्याची सुरुवात बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्याशी जोडलेली आहे, जेथे टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्याचे सांगतात. मोठमोठ्या पत्रांचीही बिऱ्हाडे अशी बदलत, तर लहान साप्ताहिकांचे काय सांगावे! काही पत्रांचा एकेका वर्षात पत्ता बदललेला दिसतो, आणि त्या प्रत्येक बदलामागे थकलेले भाडे, भावांतली वाटणी किंवा छापखानदाराशी झालेला वाद असतो, हे आपण सांगितल्यावर मी सावध झाले. त्याआधी मी अशा बदलाला ‘प्रगती’ किंवा ‘स्थलांतर’ असे गोंडस नाव देऊन पुढे जात असे.

या वाचनाने आणखी एक गोष्ट घडली. पुण्याचा वृत्तपत्र-इतिहास शनिवार, नारायण आणि सदाशिव या तीन पेठांत आटोपत नाही, हे कागदावर सिद्ध झाले. १८७७ साली ‘दीनबंधु’ काढणारे कृष्णराव भालेकर हे नदीपलीकडच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. सत्यशोधक समाजाची बाजू मांडणारे हे पत्र ‘केसरी’च्या चार वर्षे आधीचे आहे आणि १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे मुंबईला गेले. कॅम्पात इंग्रजी वाचकांसाठी ‘पूना ऑब्झर्व्हर’सारखी पत्रे निघत, ज्यांत पलटणींच्या आणि विलायतेच्या बातम्यांना जेवढी जागा असे तेवढी ओढ्यापलीकडच्या शहराला नसे. एकाच गावात, मैलभराच्या अंतरावर, परस्परांची वर्तमानपत्रे न वाचणारी माणसे राहत होती. पेशव्यांची राजधानी १८१८ मध्ये बुडाली असली, तरी पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर गणेशखिंडीत मुक्कामाला येत, त्यामुळे अर्धी राजधानी असल्याचा तोरा आणि पहारा हे दोन्ही पुण्याच्या वाट्याला आले होते.

पत्त्यांचा उलगडा ही तर सर्वस्वी आपलीच देणगी आहे. ‘नागनाथ पाराजवळ’, ‘चिमण्या गणपतीसमोर’, ‘फडके हौदानजीक’, ‘खजिना विहिरीमागे’ असे पत्ते घरक्रमांकाशिवाय छापलेले असत, कारण वाचक आणि टपालवाला दोघांनाही तेवढे पुरे होते. मला मात्र पुरे नव्हते. आपण गुडघ्यांचा त्रास असतानाही बदामी हौदाच्या बाजूने, पुढे तुळशीबागेच्या मागच्या बोळांतून माझ्याबरोबर फिरलात आणि कोणत्या इमारतीच्या जागी कोणता वाडा होता, छापखाना तळमजल्यावर होता की परसातल्या पडवीत, हे दाखवलेत. यंत्र नेहमी तळमजल्यालाच का, याचे आपण दिलेले उत्तर इतके सरळ होते की ते मला आधी का सुचले नाही याचे नवल वाटते : लाकडी तुळयांच्या वाड्यात शिसाने भरलेल्या केशी (खिळ्यांच्या खणांच्या पेट्या) आणि लोखंडी ट्रेडल (पायाने चालवायचे छपाईयंत्र) माडीवर चढवले, तर माडी खाली येईल.

पण तळमजल्यावर असण्याची किंमतही होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा आपण उमेदवारी करणारे पोर होता. गाळाने भरलेल्या केशी अंगणात आणून, खिळे बादल्यांत धुऊन, उन्हात फडक्यावर वाळवून, मग एकेक अक्षर, वेलांटी आणि रफार त्याच्या खणात परत लावण्याचे काम किती दिवस चालले, हे सांगताना आपला आवाज बदलला नाही. बदलला तो जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांविषयी बोलताना. खिळे धुता येतात, कागद धुता येत नाही. त्याआधी १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला, तेव्हा १८४८ साली स्थापन झालेल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीचा, म्हणजे आजच्या पुणे नगर वाचन मंदिराचा, तेथील संग्रहही आगीत गेला. आग आणि पाणी यांतून जे वाचले ते रद्दीवाल्याकडे गेले. परिणामी कित्येक पत्रांचा आज एकही अंक हाती लागत नाही. त्यांची ओळख उरली आहे ती सरकारी भाषांतरकारांनी वरिष्ठांसाठी दर आठवड्याला तयार केलेल्या इंग्रजी गोषवाऱ्यांत. ज्या सरकारला ही पत्रे खुपत होती, त्याच्याच नोंदींवर आपल्याला विसंबावे लागते, हे कितीही कडू असले तरी खरे आहे.

अशा परिस्थितीत, ज्याची जुळणी आपण करीत होता त्या आपल्या पेठेतल्या साप्ताहिकाची बांधीव फाईल आपण माळ्यावर जपून ठेवलीत, ही सामान्य गोष्ट नाही. तिच्यातले अग्रलेख, स्पष्ट सांगायचे तर, यथातथाच आहेत. देशाच्या परिस्थितीवर जे मोठ्या दैनिकांत येई तेच जरा जड भाषेत येथे दोन दिवसांनी येई. खरा ऐवज आतल्या पानांवर आहे. नळाला पाणी कोणत्या वेळी येते आणि कोणत्या बोळात येत नाही, कोणत्या मंडळाने मेळ्याऐवजी लाउडस्पीकर लावला म्हणून तक्रार झाली, कोणत्या वाड्याच्या वाटणीची जाहीर नोटीस निघाली, कोणाच्या मुलीला मॅट्रिकला किती गुण पडले, शिकवणीच्या वर्गांत आणि मंगल कार्यालयांत जाहिरातींची कशी चढाओढ होती, यांतून पेठ बोलते. १९५० च्या फेब्रुवारीत नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यानंतर नगरसेवकाला नाव घेऊन जाब विचारण्याची जागा शहराच्या दैनिकापेक्षा या चार पानांत अधिक होती, असे माझे मत ही फाईल वाचून बनले आहे. आपण ते पूर्णपणे मान्य केले नाहीत, कारण त्याच नगरसेवकाची वाढदिवसाची जाहिरात पुढच्या अंकात कोणी जुळवली, हे आपल्याला आठवत होते.

ही जुळणी प्रत्यक्ष कशी चाले, ते आपण सांगितले नसते तर मला कोठेही सापडले नसते. संपादक वकिली किंवा शाळा सांभाळून रात्री मजकूर आणून देत, तो नेहमी तरी कमी पडे किंवा जास्त होई. कमी पडला तर जुना ब्लॉक (चित्राचा ठसा) किंवा सुभाषित टाकून फर्मा, म्हणजे छपाईसाठी बांधलेली पाने, भरायचा. जास्त झाला तर कापायचे कोणी? संपादक घरी झोपलेले, ट्रेडल पहाटे चालू करायचे, तेव्हा ओळ जुळवायची ‘स्टिक’ हातात धरून उभा असलेला कंपोझिटरच ठरवी की सभेतल्या शेवटच्या दोन वक्त्यांची नावे गाळायची. आपण हे हसत सांगितलेत, मी ते गंभीरपणे लिहून घेतले. ज्या वृत्तान्तांवर आम्ही अभ्यासक पुरावा म्हणून बोट ठेवतो, त्यांची शेवटची काटछाट अशा माणसाने केलेली असते ज्याचे नाव कायद्याने मागितलेल्या तिन्ही नावांत नसते.

पेठेच्या पत्रांना मोठ्या दैनिकांनी मारले, असे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धवट वाटते. ‘सकाळ’ने शहराच्या रोजच्या जगण्याला पानांत जागा दिली आणि त्यामुळे साप्ताहिकांचे काम अवघड झाले, हे कबूल. पाने आणि किंमत यांची सांगड घालणारा कायदा ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात लढवून १९६१ च्या सप्टेंबरात रद्द करून घेतला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निकाल मोलाचाच आहे. त्याने मोठ्या पत्रांना पाने वाढवण्याची मुभा राहिली आणि लहानांना मिळू शकणारा आडोसा गेला, हेही तितकेच खरे. तरीही आपल्या साप्ताहिकाचा शेवट झाला तो वर्गणी थकल्यामुळे आणि मालकाच्या मुलांनी छापखान्याची जागा विकासकाला दिल्यामुळे. पुढे ऑफसेट आले, संगणकावरची जुळणी आली, कोथरूडपासून हडपसरपर्यंत उपनगरांत फुकट वाटली जाणारी जाहिरातपत्रे निघाली. त्यांचा अभ्यास कोणी तरी स्वतंत्रपणे करायला हवा. १८६७ चा कायदाही आता गेला आणि मार्च २०२४ पासून नवा लागू झाला.

काका, आपण मला वेळ दिलात, फाईल दिलीत, आणि माझ्या घाईच्या निष्कर्षांना दर वेळी ‘कशावरून?’ एवढेच विचारलेत. काकूंनी दुपारची झोप मोडून चहा दिला आणि आपला चष्मा शोधून दिला, त्यांचेही आभार मानते. फाईल मी नव्या कापडात बांधून परत केली आहे. तिच्या प्रत्येक पानाची छायाप्रत एका ग्रंथालयाला देण्याची जी परवानगी आपण दिलीत, तिच्यामुळे पुढच्या अभ्यासकाला माळ्यावर चढावे लागणार नाही.

यादीचे मुद्रित सोबत पाठवीत आहे. त्यात एका छापखान्याचा पत्ता नुसता ‘हौदाजवळ, शुक्रवार’ एवढाच असून तो कोणता हौद हे अद्याप निश्चित झालेले नाही, तिकडे विशेष लक्ष द्यावे. चुका नेहमीप्रमाणे लाल शाईने समासात दाखवाव्यात. रविवारी सकाळी येऊन कागद घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
पेठेतली एक अभ्यासक